जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांचे फोटो साफ करण्यासाठी पायथनमध्ये कोणती मोफत लायब्ररी घ्यावी?

पानं मोबाइलवर टिपलेली, एका बाजूला सावली आणि कागद पिवळा पडलेला, असं तुम्ही लिहिलंय. मग सरळ ओपनसीव्ही (OpenCV) घ्या. नुसतं कापणं, फिरवणं, आकार बदलणं एवढंच असतं तर पिलो (Pillow) ही साधी लायब्ररी पुरली असती. सायकिट-इमेज (scikit-image) ही लायब्ररीही चांगली आहे, पण या कामाला ओपनसीव्ही जास्त वेगवान.

आधी फोटो ग्रेस्केल (फक्त करड्या छटांचा) करा, मग अडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड लावा; थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा, त्याहून गडद ते काळं आणि फिकं ते पांढरं. पूर्ण पानाला एकच उंबरठा लावला तर सावलीतला मजकूर काळ्या डागात बुडतो. अडॅप्टिव्ह पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचा निर्णय आजूबाजूचा भाग बघून होतो. या भागाची रुंदी पिक्सेलमध्ये, म्हणजे ब्लॉक साइझ, विषमच लागते. ३१ पासून सुरुवात करा आणि अक्षरांच्या आकारानुसार बदला.

एक कळकळीची विनंती: ठिपके घालवायला मीडियन ब्लर (बारीक डाग पुसणारा फिल्टर) वापराल तर त्याचा आकार ३ च्या वर नेताना डोळ्यांनी तपासा. देवनागरीत अनुस्वार हा ठिपकाच असतो. तो पुसला गेला की 'घरांत'चं 'घरात' होतं, आणि जुन्या छपाईत असे अनुस्वार पानोपानी असतात.

विंडोजवर फाइलचं नाव मराठीत असेल तर फोटो उघडणारं ओपनसीव्हीचं फंक्शन इमरीड (imread) बहुतेक वेळा एरर न देता 'नन' (None, म्हणजे रिकामं) परत देतं. अशा वेळी नमपाय (NumPy) या लायब्ररीच्या फ्रॉमफाइलने (fromfile) बाइट्स वाचा आणि ओपनसीव्हीच्या इमडिकोडला (imdecode) द्या.

पुढे मजकूर काढायचा असेल तर फोटोतली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्टही (Tesseract) मुक्त आहे आणि त्याचा मराठी डेटा 'एमएआर' (mar) नावाने मिळतो.