उजवा खांदा खाली, डावीकडे कंबर वर, एकच चप्पल झिजते: फिजिओथेरपीने हे सरळ होतं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय 34, बैठं काम, शर्ट घातला की उजवा खांदा खाली दिसतो, कंबरेचं हाड डावीकडे वर आहे, उजव्या चपलेची टाच लवकर झिजते, आणि कोणीतरी 'हाड सरकलंय, बसवून घ्या' असं सांगितलंय.

आधी ते हाडाचं बघू. कंबरेचा मागचा सांधा (माकडहाडाच्या वरचा) जेमतेम दोनचार अंश हलतो. मोठा अपघात किंवा बाळंतपणासारखं काही कारण नसताना तो चालता-बोलता जागेवरून निसटत नाही. हाडवैद्याकडे 'कट' आवाज झाला की बरं वाटतं ते खरं, पण त्याने कंबरेची पातळी बदलत नाही. दुसरं म्हणजे, शंभर टक्के सारख्या दोन बाजू कोणाच्याच नसतात. ज्या हाताने आपण जास्त काम करतो, त्या बाजूचा खांदा किंचित खाली असणं अगदी सर्रास दिसतं. आरशातला फरक हा आजार नव्हे. एका बाजूची ताकद आणि ताबा कमी असणं, हा दुरुस्त करण्याजोगा भाग.

म्हणून व्यायामाआधी फरक कुठून येतोय ते शोधा. घरी तीन गोष्टी तपासता येतात.

पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून पुढे ओणवे व्हा आणि मागून कोणाला तरी पाठ बघायला सांगा. एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या तर कण्याला पीळ आहे, म्हणजे स्कोलिओसिसची शक्यता. मग उभ्याने एक्स-रे काढून अंश मोजावे लागतात. 10 अंशांपासून पुढे त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयाच्या मुलांत हे दिसलं तर अजिबात थांबू नका. तुमच्या वयात व्यायामाने दुखणं आणि दम सुधारतो, वाक पुसला जात नाही.

मग पायाची लांबी. शिंप्याच्या टेपने मोजलं तर पाचसात मिलिमीटर टेपच चुकवते. त्यापेक्षा आखूड वाटणाऱ्या पायाखाली पातळ वह्या एकेक ठेवत जा आणि कंबरेची दोन्ही हाडं केव्हा समपातळीत येतात ते पाहा. फरक 1 सेंटीमीटरच्या आत असेल आणि दुखत नसेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एक्स-रेने खात्री करून टाचेखाली उंची, तीही सुरुवातीला निम्मीच. आपल्याकडे एक घोळ होतो: उंची बुटात बसवतात आणि माणूस घरात दिवसभर अनवाणी फिरतो. तेव्हा घरातल्या चपलेलाही तीच उंची लावा.

तिसरी तपासणी सगळ्यात कामाची. आरशासमोर एका पायावर 30 सेकंद उभं राहा. डाव्या पायावर असताना उजवी कंबर खाली पडली, किंवा ती सावरायला धड डावीकडे झुकलं, तर डाव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू कमी पडतोय. दुसऱ्या पायावरही बघा. दोन्हींतला फरक महत्त्वाचा.

कमकुवत बाजू डावी निघाली असं धरून सांगतो. उजव्या कुशीवर, पाठ भिंतीकडे करून झोपा. डाव्या पायात मोजा घाला, टाच भिंतीला टेकवा आणि ती भिंतीवर घासतच पाय वर न्या, साधारण हातभर. 2 सेकंद थांबून सावकाश खाली. भिंत कशासाठी? पाय नकळत पुढे येतो, पंजा छताकडे वळतो, आणि मांडीच्या पुढचा स्नायू काम उरकून टाकतो. मग महिनाभर करूनही खुब्याला काही मिळत नाही. कळ मांडीच्या पुढे नाही, खिशाच्या मागच्या बाजूला लागली पाहिजे.

हे जमलं की जिन्याची खालची पायरी. डावा पाय पायरीच्या कडेवर, उजवा हवेत. 3 सेकंद घेत खाली जा, उजवी टाच जमिनीला नुसती लावा, भार टाकू नका, परत वर. गुडघा आतल्या बाजूला पडत असेल (मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा, स्वतःला कळत नाही) तर पायरी जास्त उंच आहे. 10 सेंटीमीटरची फळी घ्या. आणि तिसरा व्यायाम फुकटचा: उजव्या हातात 5 ते 8 किलोची पिशवी घेऊन न झुकता 30 मीटर चाला. वजन उजवीकडे, म्हणजे डाव्या खुब्याला आणि डाव्या कुशीला राबावं लागतं.

प्रमाण: डावीकडे 8 वेळा असे 3 फेरे, उजवीकडे एकच फेरा, आठवड्यातून 3 दिवस. सुरुवात नेहमी कमकुवत बाजूने करा आणि चांगल्या बाजूला तिच्यापेक्षा एकही जास्त नको. ताकदीत खरा फरक पडायला 6 ते 8 आठवडे लागतात.

खांद्यासाठी सगळे मान ताणायला सांगतात. खाली आलेल्या खांद्याचा वरचा स्नायू बऱ्याचदा आधीच ताणलेला असतो. तो 'आखडलाय' असं वाटतं, म्हणून माणूस रोज आणखी ताणतो आणि दुखणं वाढतं. उलट करा: दोन्ही हात भिंतीवर सरकवत डोक्यावर न्या आणि तिथे खांदे कानाकडे उचला, 2 सेकंद, 10 वेळा.

सवयींत मागच्या खिशातलं पाकीट काढा, बॅगेचा खांदा बदला. दिवसभर ताठ बसायचा अट्टहास मात्र नको, अर्ध्या तासाने उठलात तरी पुष्कळ.

शरीर काही दिवसांतच अचानक एका बाजूला कललं असेल, सोबत पायात कळ किंवा मुंग्या असतील, तर हे व्यायाम नकोत. ते बहुधा मणक्यातल्या गादीमुळे असतं आणि तपासूनच हाताळावं लागतं. पाऊल उचलेनासं झालं, लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेभोवती बधिर वाटलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

दर 4 आठवड्यांनी एका पायावरची तपासणी पुन्हा करा. दोनदा तोच निकाल आला तर फिजिओकडे जा. तुम्हाला चालवून, पायरी उतरवून न पाहता जो थेट शेकाच्या आणि करंटच्या मशीनवर आडवं करतो, त्याच्याकडे दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरू नका.