पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत आजही तंबूच असतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, तंबू जाऊन कित्येक दशकं झाली; 2023 पासूनच्या युद्धात घरं उद्ध्वस्त झालेला गाझा मात्र अपवाद आहे. 1948 मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या युद्धात गाव सुटून आलेल्या कुटुंबांना आधी तंबू मिळाले. 1950 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए संस्थेने एकेका खोलीची पक्की घरं बांधायला सुरुवात केली. पुढचं बहुतेक सगळं लोकांनी स्वतः उभं केलं: खोलीभोवती भिंत घालून अंगण केलं, मग अंगणातच स्वयंपाकघर, संडास, आणखी एक खोली.

जमीन मात्र त्यांची नाही. राहण्याचा हक्क तेवढा आहे. छावणीची हद्द वाढत नाही, माणसं वाढतात. म्हणून घरं वर चढतात. मुलाचं लग्न ठरलं की स्लॅब टाकायचा आणि त्यावर एक मजला चढवायचा. गच्चीवर खांबांच्या सळया उघड्याच ठेवतात, पुढच्या मजल्यासाठी.

याची किंमतही मोठी आहे. लेबनॉनची राजधानी बैरुतमधल्या शातिला आणि बुर्ज अल-बराजनेह छावण्यांत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की खालच्या खोल्यांत ऊन पोहोचत नाही. डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप एकमेकांत गुंतलेले. शॉक लागून माणसं दगावली आहेत. लेबनॉनमध्ये 2001 च्या कायद्याने पॅलेस्टिनींना स्थावर मालमत्ता घेता येत नाही, त्यामुळे बाहेर पडणंही कठीण.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लेबनॉनमधल्याच सैदा शहराजवळच्या ऐन अल-हिलवे छावणीतल्या वस्त्यांना सफ्फुरिया वगैरे सुटलेल्या गावांची नावं आहेत. एका गावचे लोक शेजारी-शेजारी राहिले, आणि गल्लीचा पत्ताच गावाचा झाला. घर पक्कं बांधलं म्हणून परतण्याचा हक्क सोडला, असं ते मुळीच मानत नाहीत.