वाचक विचारतात : मेंटर आणि साहेब एकच असेल तर?

प्रश्न : मी १४ वर्षं वर्गात शिकवलं, आता मुख्याध्यापिका झालेय. संस्थेने २ वर्षांचं इंडक्शन, म्हणजे नव्या पदावर रुळण्यासाठीचं प्रशिक्षण, कंपल्सरी केलंय, मेंटरही दिलाय, पण गंमत अशी की जे मेंटर तेच माझा गोपनीय अहवाल लिहिणार! आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की मला टाईमटेबलच बसवता येत नाहीये? सगळीकडे असंच असतं का?

उत्तर : मॅडम, आधी अभिनंदन! आणि टाईमटेबलचं एवढं मनावर घेऊ नका, ते पहिल्या वर्षी कुणालाच धड बसवता येत नाही, फक्त कबूल कुणी करत नाही.

सगळीकडे एकच नियम नाहीये. कॅलिफोर्नियात शाळेच्या नवीन प्रशासकाला (म्हणजे मुख्याध्यापक वगैरे) आधी ५ वर्षांचं प्राथमिक लायसन्स मिळतं आणि ते पक्कं करायचं तर २ वर्षांचं इंडक्शन करावं लागतं, त्यात दरवर्षी ४० ते ६० तास कोचिंग आणि वर २० ते ३० तास ट्रेनिंग. म्हणजे बघा, लेक्चरपेक्षा कोचसोबतचे तास जास्त. स्कॉटलंडने उलटं केलंय, तिथे ऑगस्ट २०२० पासून सरकारी शाळेत कायम मुख्याध्यापक व्हायचं तर खुर्चीत बसायच्या आधीच ठरलेली पात्रता लागते. इंग्लंडने तशीच पात्रता २००९ मध्ये सक्तीची केली नि २०१२ मध्ये पुन्हा ऐच्छिक करून टाकली, त्यामुळे सक्ती म्हणजे सगळं झालं असं मी तरी मानत नाही.

तुमची खरी अडचण मात्र तासांची नाहीच, माणसाची आहे. ज्याच्या हातात आपला अहवाल त्याच्यासमोर कोण चुका सांगेल? तिथे "सगळं छान चाललंय सर" एवढंच निघणार तोंडातून, मग रजिस्टरमध्ये तास भरतील आणि तुम्ही रात्री अकरा वाजता एकट्याच पालकांच्या तक्रारीचं उत्तर लिहीत बसाल. म्हणून संस्थेला लेखी विनंती करा की मेंटर दुसऱ्या शाळेतला हवा, स्वतः मुख्याध्यापकी केलेला, आणि आमच्यात जे बोलणं होईल ते अहवालात यायचं नाही. तक्रारीचा सूर नको, "मला मोकळेपणाने शिकता येईल" असं लिहा, कारण सध्याचे मेंटर उद्याही तुमचे साहेबच असणारेत ना!

नाहीच बदलला तर? मग त्यांच्याकडे फक्त नियम, बजेट, कागदपत्रं असलेच प्रश्न न्या. शिक्षकांशी झालेली कटकट, न जमलेली मीटिंग हे एखाद्या रिटायर्ड मुख्याध्यापकाशी बोला, अशी माणसं फोनची वाटच बघत असतात हो (मीही त्यातलाच). आणि मेंटर कुणीही असो, त्याला केबिनमध्ये चहा पाजून परत पाठवू नका, तुमच्या एखाद्या स्टाफ मीटिंगला मागच्या बाकावर बसवा. तुम्ही शिक्षकांना किती वेळा मध्येच तोडता हे तुम्हाला स्वतःला नाही दिसणार, त्याला दिसेल.