स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग स्वतःचा

प्रश्न असा आलाय की 'फ्री विल'ला, म्हणजे माणूस काय करायचं ते स्वतः ठरवू शकतो या कल्पनेला, मराठीत 'मुक्त इच्छा' म्हणायचं, 'स्वेच्छा' म्हणायचं का 'इच्छास्वातंत्र्य'. 'मुक्त इच्छा' नको, प्लीज. सबटायटलमध्ये, व्हिडिओत सारखं कानावर पडतं आणि दर वेळी डोकं उठतं, नुसतं शब्दाला शब्द ठेवून दिलाय. 'स्वेच्छा' म्हणजे राजीखुशी, स्वेच्छानिवृत्तीतली, कोणी जबरदस्ती केली नाही एवढंच त्यातून कळतं. रूढ शब्द इच्छास्वातंत्र्य, तोच वापरा. पण मला त्यातली 'इच्छा'च खटकते. चहाची तल्लफ आली ती काय मी ठरवून आणली? उठून चहा टाकायचा का नाही हे ठरवणारा मी. म्हणजे स्वतंत्र असलाच तर माणूस, त्याची इच्छा नव्हे, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचंही म्हणणं हेच होतं. टिळकांनी गीतारहस्याच्या दहाव्या प्रकरणाला 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं नाव दिलंय, मला ते जास्त पटतं.

आता खरी गंमत 'स्वतंत्र' शब्दात आहे. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याचं सूत्र आहे १.४.५४, 'स्वतन्त्रः कर्ता', म्हणजे वाक्यात जो स्वतंत्र तो कर्ता. आणि तंत्र कशावरून? तन् म्हणजे ताणणे. तंतू, ताण, ताणा, संतती सगळी याच धातूची पोरं, आणि तंत्राचा जुना अर्थ विणायच्या मागावर ताणलेले उभे धागे, म्हणजेच ताणा. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या त्याच्या भाष्यात, हाच मुद्दा काढलाय, की ज्याचं स्वतःचं तंत्र तो स्वतंत्र असं म्हटलं तर मग फक्त विणकरच कर्ता ठरेल! आणि लगेच त्याने त्या विणकराला बाजूला केलं, इथे तंत्र म्हणजे प्राधान्य, स्वतंत्र म्हणजे स्वप्रधान, स्वतःच मुख्य असलेला, असं म्हणून मोकळा झाला. व्याकरणापुरतं ठीक आहे, पण माझ्या मते तिथेच त्याने सोनं टाकून दिलं. येवल्याला पैठणीच्या मागासमोर जाऊन बसा. ताणा आधीच चढवलेला असतो, त्याचा रंग ठरलेला, रुंदी ठरलेली, मधेच बदलता येत नाही. पण पदरावरचा मोर आडव्या धाग्यांनी भरायचा, रंगीत धाग्यांच्या छोट्या छोट्या कांड्या हातात घेऊन, एकेक धागा मोजत, आणि तिथे चुकला तर ती चूक विणणाऱ्याचीच, ताण्याची नाही. जन्म, आईबाप, स्वभाव हा ताणा, बाणा म्हणजे ते आडवे धागे आपले. नियतिवादी मंडळी नुसता ताणा बघतात आणि वस्त्र आधीच विणून झालंय म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही.

यावर व्याकरणवाले म्हणतील की पाणिनी नीतिशास्त्र शिकवत नाही, 'स्थाली पचति', म्हणजे 'पातेलं शिजवतं', म्हटलं की पातेलंसुद्धा कर्ता होतं, बोलणाऱ्याची विवक्षा, म्हणजे त्याला जसं सांगायचंय ते, तशी. बरोबर आहे, पण मग विवक्षेची जबाबदारी कोणाची? घरात पोरगं येऊन सांगतं 'कप फुटला'. आजी पुढचाच प्रश्न टाकते, 'फुटला का फोडलास?' पोरगं खाली बघून म्हणतं, 'हातून फुटला.' फुटला, हातून फुटला, फोडला. या तीन रूपांत जबाबदारीचा अख्खा वाद बसलाय, आणि हे भाषेत असताना आपण ऑफिसच्या मेलमध्ये 'निर्णय घेतला गेला', 'चुका घडल्या' असलं लिहितो, ज्यात कर्ताच गायब! माझी बदली अशीच 'केली गेली' होती, कोणी केली ते सहा महिने कळलं नाही.

आणि आजीसमोर थोरला मधेच बोलला, 'मी फक्त फेक म्हटलं, फेकला त्याने', तर त्याचीही सुटका नाही. पाणिनीचं लगेच पुढचं सूत्र आहे, १.४.५५, 'तत्प्रयोजको हेतुश्च'. करणाऱ्याला करायला लावणारा, त्याला पाणिनी 'हेतू' म्हणतो, आणि त्यातला 'च' सांगतो की तोही कर्ताच.