पाणीही मोजून मिळतं

प्रश्न: माझा भाचा 12 वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला चालता येत नाही. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली. भाऊ कामावर जाताना त्याला पाणी देऊ देत नाही, ‘सारखं बाथरूमला कोण नेणार?’ म्हणतो. घर दवाखान्यासारखं दिसतं म्हणून वर्षभरापूर्वी व्हीलचेअर माळ्यावर टाकली. मुलाच्या नावाचं सरकारी अनुदान मोटारसायकलच्या हप्त्यात जातं. परवा तो म्हणाला, “आत्या, मी नसतो तर बाबा सुखी असते ना?” सख्ख्या भावाविरुद्ध कुठे जाऊ?

उत्तर: ताई, त्या प्रश्नाचं उत्तर त्याला आजच द्या. ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. बाबांचं वागणं चुकतंय, तुझं काही चुकलेलं नाही, हे त्याच्या कानावर पडायलाच हवं.

मग पाणी. ते कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळ होते, जंतुसंसर्ग होऊन ताप येतो. बद्धकोष्ठता तर या मुलांना आधीच छळत असते. ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि पाणी का मिळत नाही ते केसपेपरवर लिहून घ्या. कपडे बदलताना माकडहाड आणि टाचा बघा. लाल डागावर बोट दाबून उचला. तो क्षणभरही फिका पडत नसेल तर तिथे बेडसोअर, म्हणजे सतत दाबामुळे होणारी जखम, सुरू झालाय.

भाऊ थकलाय की स्वार्थी आहे, हे कळायला वेळ लागत नाही. मेडिकलमधून युरिन पॉट आणून द्या, दुपारी शेजारचं कुणी येईल अशी सोय करा. थकलेला बाप ही मदत घेतो. तरीही पाणी बंदच राहिलं, तर प्रश्न बाथरूमचा नव्हताच.

‘तक्रार करीन’ अशी धमकी मात्र आधी देऊ नका. तुमचं येणं बंद होईल आणि त्याला घरात दुसरं कुणी नाही. वहीत तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. माळ्यावरच्या खुर्चीचा फोटो काढा. मग 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. तो दिवसरात्र, मोफत चालतो. प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, गेलं म्हणजे मूल संस्थेत टाकतात, असं नाही. संस्था हा कायद्याने शेवटचा पर्याय आहे. समिती त्याला तुमच्याकडेही सोपवू शकते, तशी तयारी असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 92 इथे नेमकं लागू पडतं. ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं, त्याचं सहायक साधन (इथे व्हीलचेअर) वापरू न देणं, या गुन्ह्यांना 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड आहे. कलम 7 खाली कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांना, कळवू शकतं. अनुदान संजय गांधी योजनेचं असेल तर त्याबद्दलचा तक्रार अर्जही तहसीलमध्येच द्या.

खुर्ची खाली आली की हवा आणि ब्रेक तपासा. वर्षभरात पोरगं वाढलंय. सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, पाय लोंबकळता कामा नयेत.