‘हौद्री’ म्हणजे समजलं असं नव्हे

प्रश्न : कर्नाटकात चिकोडी भागातल्या दवाखान्यात नर्स आहे. मी मराठी, निम्मे पेशंट कन्नड. ओआरएस (जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं पाणी) कसं करायचं ते सांगते, आया ‘हौद्री’ (हो जी) म्हणतात, पण घरी चुकतं.

उत्तर : ‘समजलं का?’ हा प्रश्नच सोडा. मान राखायला कुणीही होय म्हणतं. पाकीट, पेला आणि लिटरची बाटली समोर ठेवून ‘माडी तोरस्री’, करून दाखवा, म्हणा. चूक तिथंच दिसते : अख्खं पाकीट एका पेल्यात! अशानं मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. लिटरचं पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यातच. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चुकल्यास ‘माझंच सांगायचं राहिलं’ म्हणून पुन्हा करवून घ्या. आणि शाळकरी पोराला दुभाष्या करू नका. स्वतःचं खासगी दुखणं आई त्याच्यासमोर बोलत नाही.