दांड्यावरचे मणी कमी कर

प्रिय दोस्ता,

प्रदर्शनात विकायला केलेल्या लाकडी उलथन्यांचे फोटो मिळाले. लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, तुझा हात बसलाय, हे दांड्यांवरच्या मण्यांसारख्या उंचवट्यांवरून आणि खाचांवरून कळतंच. खटकलं मला नेमकं तेच. त्या खाचांत तेलकट मळ अडकणार आणि घासता घासता घेणारा वैतागणार. प्रदर्शनात माणूस उलथनं उचलतो, दांड्यावरून अंगठा फिरवतो आणि हवेतच परतल्यासारखं करून बघतो. त्या क्षणी नक्षी नाही, तोल विकला जातो. दांडा साधा ठेव: मुठीत किंचित फुगीर, पात्याकडे निमुळता.

लाकूड निवडताना मात्र घाई करू नकोस. ठोकळ्याच्या कडेकडून बघ. लाकडाच्या तंतूंच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. एखादी तिरकी होऊन मध्येच बाजूने बाहेर पडत असेल, तर दांडा तिथेच मोडणार, आणि तोही गिऱ्हाइकाच्या हातात. म्हणून करवतीने चिरलेल्यापेक्षा रेषेवर फोडलेला ठोकळा मला जास्त भरवशाचा वाटतो. मेपल, बीच, चेरी अशी बारीक छिद्रांची लाकडं घे. ओकची छिद्रं मोठी, त्यात खरकटं बसतं.

पात्याची बाजू हेडस्टॉककडे, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाकडे, धर. काप नेहमी जाडीकडून बारकीकडे. दांडा बारीक झाला की मधोमध थरथरतो आणि लाकडावर मळसूत्रासारखे पट्टे उमटतात. अशा वेळी सँडपेपर उचलू नकोस. टेलस्टॉकचा, म्हणजे दुसऱ्या टोकाला लाकूड दाबून धरणाऱ्या भागाचा, दाब थोडा सैल कर, पटाशीला धार लाव, हलका काप घे. मग पात्याचे दोन्ही गाल बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर, काढायचे. पण गोल लाकूड टेबलावर मोकळं ठेवलंस, तर करवतीचं पातं ते गर्रकन फिरवून बोटांसकट ओढेल. व्ही-खाचेच्या लाकडी साच्यात घट्ट आवळल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. हातमोजे आणि सैल बाह्या लेथजवळ नकोतच. धुळीसाठी मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९५ मध्येच नोंदवलंय.

उलथनं खरं घडतं ते कडेवर. ती दीड-दोन मिलिमीटरपर्यंत पातळ आण, मग टोक जरासं बोथट कर, नाहीतर कपचे उडतात. तिरकी कड उजव्या हाताला सोयीची. थोडी उलट्या तिरकसाची करून वेगळी मांड. डावखुऱ्यांना असं काही सहसा मिळत नाही, ते थांबून बघतात.

१२०, १८०, २४० नंबरचे सँडपेपर मारून झाले की लाकूड पाण्याने पुसून वाळू दे. उभे राहिलेले तंतू ३२० ने काढ. हे केलं नाहीस, तर पहिल्याच धुण्यात उलथनं खरखरीत होतं. फूड-ग्रेड मिनरल ऑइल सोपं, पण ते कधी सुकत नाही, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. शुद्ध टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) सुकतं, पण त्याला आठवडे लागतात, तेव्हा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते लावू नकोस. ते लावलेल्या फडक्यांचे बोळे गोळा करून टाकलेस तर आपोआप पेटू शकतात; एकेक पसरून वाळव. अक्रोडाचं तेल वापरलंस तर तसं लेबलवर लिही, अ‍ॅलर्जी असणारे असतात.

किंमत ठरवताना लेथवरचा वेळ सगळेच धरतात, घासण्याचा विसरतात. माझ्या मते तोच जास्त असतो. प्रत्येक नगाला एक चिठ्ठी बांध: हाताने धुवा, लगेच पुसा, भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका.